कोरमंगला आणि चर्चच्या उगमाचा वाद

बंगळुरूच्या कोरमंगला भागातील सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालय १९६३ मध्ये कॅथलिक बिशपांच्या परिषदेने सुरू केले. या बिशपांच्या परंपरेनुसार येशूने चर्च प्रेषित पेत्रावर उभारले आणि रोमचे पोप हे पेत्राचे वारस होत. मत्तयच्या शुभवर्तमानातील सोळावा अध्याय हा त्याचा मुख्य आधार. तेथील ‘खडक’ म्हणजे पेत्राने दिलेली विश्वासाची कबुली, असे पुष्कळ प्रॉटेस्टंट मानतात. प्रेषितांच्या शिकवणुकीशी निष्ठा हाच त्यांच्या लेखी खरा वारसा. १९४७ मध्ये अँग्लिकन, मेथडिस्ट, प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल प्रवाह एकत्र येऊन चर्च ऑफ साउथ इंडिया स्थापन झाले. त्याने बिशपपद राखले, पोपचे अधिपत्य स्वीकारले नाही. १९६४ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ऐक्यासाठी संवादाचा मार्ग खुला केला. पोपच्या अधिकाराबद्दलचा मतभेद मात्र कायम आहे.