पादपूरणापासून ‘अं’पर्यंत

सभेंत वक्ता उभा राहतो, घसा खाकरतो आणि म्हणतो, “तर... म्हणजे... काय आहे...” एवढें बोलूनहि त्यानें अद्याप कांहींच सांगितलेलें नसतें. घरांत आजी गोष्ट सांगूं लागली कीं दर वाक्याला “बरं का” येतें. एखाद्या मामांचें “हें आपलें” भाचेमंडळी दाराआड उभीं राहून मोजतात. शिक्षक अशा शब्दांवर रागावतात, श्रोते हसतात आणि लेखक ते गाळून टाकतात. इतक्यांचा रोष पत्करूनहि हे शब्द मेले नाहींत. तेव्हां त्यांची कुळकथा एकदां पाहण्यासारखी आहे.

शास्त्रकारांनीं त्यांची दखल फार पूर्वींच घेतली. यास्काचार्यांनीं निरुक्ताच्या पहिल्या अध्यायांत निपातांचे वर्ग पाडले, तेव्हां कांहीं निपात उपमेसाठीं, कांहीं अर्थांची जोडणी करण्यासाठीं आणि कांहीं निव्वळ भरतीसाठीं येतात, असें सांगितलें. कम्, ईम्, इत्, उ हे या शेवटल्या वर्गांतले. पद्यांत चरणाचीं अक्षरें मोजलेलीं असतात. एखादें कमी पडलें तर कवि तेथें पाचर ठोकतो, हें समजण्यासारखें आहे. परंतु अक्षरांचें बंधन नसलेल्या गद्यांतहि असे निपात वाक्य भरून काढावयास येतात, हें यास्कांनीं नोंदून ठेवलें आहे. गद्यांत मोजणीच नाहीं, तर ही भरती कशाची आणि कशासाठीं? प्रश्न मोठा मार्मिक होता. पण पुढील पंडितांचें लक्ष पद्याकडेच अधिक राहिलें. अमरसिंहानें आपल्या कोशांत तु, हि, च, स्म, ह, वै या अव्ययांना पादपूरणाचा मान दिला. अकराव्या शतकांत काश्मीरच्या मम्मटानें काव्यप्रकाशांत, नुसता चरण भरण्यासाठीं घातलेला शब्द ‘निरर्थक’ ठरवून त्याला दोषांच्या रांगेंत उभें केलें. कोशकारानें पाट मांडावा आणि साहित्यशास्त्रज्ञानें पानावरून उठवावें, असा हा प्रकार! ग्रीकांकडेहि निराळें नव्हतें. डायोनिसियस थ्रॅक्स याच्या नांवावर चालत आलेल्या व्याकरणांत छंदासाठीं किंवा शोभेसाठीं येणाऱ्या अव्ययांचा एक स्वतंत्र वर्गच आहे.

मराठींत मात्र या प्रश्नाला निराळें वळण मिळतें. इ. स. १२९० च्या ज्ञानेश्वरींत ‘पैं’, ‘गा’, ‘जी’, ‘तरी’ हे शब्द पावलोपावलीं भेटतात. ‘पैं’ हा शब्द पादपूरणार्थक म्हणून टीकाकार पुढें जातात. परंतु ओवीला संस्कृत वृत्तांसारखी अक्षरांची कडक मोजणी नाहीं. तिच्यांत दोनचार अक्षरें अधिकउणीं सहज खपतात. मग एवढ्या समर्थ कवीला पाचरेची गरज काय? ज्ञानेश्वरी हें निवेदन आहे. समोर श्रोते बसलेले आहेत, अवघड विषय चालला आहे, आणि त्यांचा हात न सोडतां पुढें जावयाचें आहे. ‘गा’ आणि ‘जी’ हे त्या हाताचे स्पर्श होत. पोवाड्यांत हेंच काम झीलकरी करतात. त्यांचें “जी जी” चाललें असतां शाहीर दम घेतो आणि पुढली ओळ मनांत जुळवतो.

लेखणीनें ही सारी भरती झाडून काढली. वृत्तपत्रांतलें भाषण छापून येई तें धुतलेलें, इस्तरी केलेलें. तरी वक्त्याला फार काळ कोणी दोष दिला नाहीं; कारण त्याचे हातवारे, डोळे आणि विचारांत पडलेला चेहरा लोकांना दिसत होता. ध्वनिक्षेपक आला आणि तो आधार तुटला. मुंबईचें केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें. रेडिओवरचें व्याख्यान बहुधा लिहून आणून वाचलें जाई. त्यामुळें बिनचूक, सलग बोलणें कानांच्या अंगवळणीं पडलें आणि साध्या माणसाचें अडखळणें अधिकच खुपूं लागलें. त्याच सुमारास, १९२४ मध्यें, अमेरिकेंत राल्फ स्मेडली यांनीं टोस्टमास्टर्स ही वक्तृत्वसंस्था स्थापिली. तिच्या सभांत वक्त्याचे ‘अं’ मोजावयास एक सभासद मुद्दाम नेमतात. भाचेमंडळींचा उद्योग असा अधिकृत झाला!

असो. ज्या यंत्रानें ‘अं’ला बदनाम केलें त्याच्याच भावंडानें, म्हणजे ध्वनिमुद्रणानें, त्याची बाजू मांडली. अडखळणारा माणूस घाबरलेला असतो अथवा खोटें बोलत असतो, असा समज सर्वत्र आहे. तोंडी परीक्षेंत आणि साक्षीच्या पिंजऱ्यांत त्यानें कित्येकांचें नुकसान केलें असेल. जॉर्ज माल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें १९५६ मध्यें दाखविलें कीं, चिंता वाढली म्हणजे वाक्यें तुटतात, शब्द दोनदां येतात. पण ‘अं’ त्यांच्याबरोबर वाढत नाहीं. १९९१ मध्यें स्टॅन्ली शॅक्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं विद्यापीठांतील व्याख्यानें ऐकून ‘अं’ मोजले. वाङ्मय आणि कला शिकविणाऱ्यांच्या तोंडीं ते अधिक, भौतिक शास्त्रें शिकविणाऱ्यांच्या तोंडीं कमी. त्याच अध्यापकांना एका सामान्य विषयावर बोलतें केलें, तेव्हां हा भेद उरला नाहीं. दोष जिभेचा नव्हता. जेथें एक गोष्ट अनेक परींनीं सांगतां येते तेथें निवड करावी लागते, आणि निवडीला वेळ लागतो.

तो वेळ वक्ता मागून घेतो. क्लार्क आणि फॉक्स ट्री यांनीं इंग्रजी संभाषणांच्या ध्वनिमुद्रणांवरून २००२ मध्यें असें मांडलें कीं, इंग्रजींतील ‘अह्’ पुढें लहान खंड पडतो आणि ‘अम्’ पुढें मोठा. बोलणारा जणूं सांगतो, “थांबा, माझें संपलेलें नाहीं.”

ऐकणाराहि हें जाणतो. २०११ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत अमेरिकेंतील लहान मुलांपुढें दोन चित्रें ठेवलीं होतीं. एक ओळखीच्या वस्तूचें, दुसरें कधीं न पाहिलेल्या. वस्तूचें नांव येण्यापूर्वीं बोलणारा “अं” म्हणाला कीं दोन वर्षांच्या सुमाराचीं मुलें अनोळखी वस्तूकडे पाहूं लागत. त्याहून लहान मुलांत ही खूण दिसली नाहीं.