वीस पत्रे आणि एक नकार

बेल्जियमकडून नकार आला. जर्मन फौजा आमच्या देशात दोनदा घुसल्या आहेत, तेव्हा जर्मन मुलांसाठी पुस्तके पाठवणे आम्हांला जमणार नाही, असा त्या पत्राचा आशय होता. दुसरे महायुद्ध संपून जेमतेम काही महिने झाले होते. शहरेच्या शहरे ढिगाऱ्याखाली होती, घराघरांत माणसे परत येण्याची वाट पाहिली जात होती. अशा वेळी बेल्जियमचा हात आखडावा, हे कोणालाही समजण्यासारखे होते. तरीही वीस देशांना गेलेल्या त्याच विनंतीला बाकीच्या एकोणीस देशांनी होकार दिला होता.

ही पत्रे लिहिणाऱ्या बाईंचे नाव येला लेपमन. जर्मनीशी हिशेब चुकता करायचा असता, तर बेल्जियमपेक्षा त्यांच्याकडे कारणे कमी नव्हती. त्या ज्यू होत्या. जन्म स्टुटगार्टचा, १५ मे १८९१ चा, म्हणजे डॉ. आंबेडकरांच्या जन्मानंतर महिन्याभराने. वडिलांचा कापडाचा कारखाना होता, घर खातेपिते. वयाच्या सतराव्या वर्षी या मुलीने गावातल्या तंबाखूच्या कारखान्यात काम करणाऱ्या परदेशी मजुरांच्या मुलांसाठी एक वाचनघर सुरू केले होते. पुढे लग्न झाले. नवरा पहिल्या महायुद्धात जायबंदी झाला आणि १९२२ मध्ये गेला. पदरी दोन मुले. लेपमनबाईंनी स्टुटगार्टच्या दैनिकात नोकरी धरली, संपादकीय खात्यापर्यंत पोचल्या. मग हिटलर आला आणि नोकरी गेली. १९३६ मध्ये मुलांना घेऊन त्यांनी देश सोडला आणि इंग्लंड गाठले.

त्या परतल्या १९४५ च्या ऑक्टोबरात, अंगावर अमेरिकी लष्कराचा गणवेश घालून. जर्मनीतल्या स्त्रिया आणि मुले यांच्या प्रश्नांवर सल्ला द्यायचे काम त्यांना सांगितले होते आणि मुक्काम बाड होम्बुर्गला होता. होकार देण्याआधी त्यांचे मन बराच काळ मागेपुढे होत राहिले, असे त्यांनीच पुढे आत्मकथनात नोंदवले आहे. मोठ्या जर्मन माणसांना काही शिकवण्याची उमेद त्यांच्यात उरलेली नव्हती. मुलांचे मात्र वेगळे होते. युद्ध मुलांनी पुकारले नव्हते.

लष्कराच्या जीपमधून पडक्या शहरांत हिंडताना त्यांना हीच मुले दिसत होती. शाळा बंद, घर नाही, बाप परतलेला नाही. कोणी कोळसा गोळा करते आहे, कोणी सिगारेटींची देवघेव. त्यांना दूध, पाव, बूट हवे होते यात शंकाच नव्हती. पण नाझी राजवटीच्या बारा वर्षांत त्यांच्या डोक्यात जे भरले गेले होते त्याचे काय? जगात दुसरी मुले आहेत, तीही हसतात, घाबरतात, आईवर रुसतात, एवढी साधी गोष्ट या पिढीला कोणी सांगितलीच नव्हती. लेपमनबाईंनी वरिष्ठांपुढे मांडलेली कल्पना ऐकायला अगदी साधी होती. जगभरातली उत्तम बालपुस्तके मागवायची आणि त्यांचे प्रदर्शन भरवायचे.

पैसे? पैसे नव्हते. म्हणून पत्रे.

त्या पत्रांत लेपमनबाईंनी सरळ मागणी केली होती. या युद्धाचा दोष मुलांकडे जात नाही, म्हणून शांततेचा पहिला निरोप घेऊन त्यांच्याकडे पुस्तके यावीत, असे त्यांचे म्हणणे होते. पुस्तकांबरोबर त्यांनी त्या त्या देशातल्या मुलांनी काढलेली चित्रेही मागितली होती. बेल्जियमचा नकार आल्यावर त्यांनी तो फायलीत ठेवून दिला नाही. पुन्हा लिहिले. तुम्हांला दोनदा सोसावे लागले, मग तिसऱ्यांदा ही वेळ येऊ नये याची सर्वांत जास्त गरज तुम्हांलाच नाही का, असे विचारले. बेल्जियमने मग पुस्तके पाठवली, आणि आलेल्या संचांपैकी तो एक उत्तम संच ठरला.

या प्रसंगापाशी जरा थांबायला हवे. पुस्तकांतून मुलांना दुसऱ्याचे सुखदुःख कळावे असे आपण सहज म्हणून जातो. इथे मात्र ते आधी मोठ्यांना कळावे लागले. पुस्तके बांधून पाठवणारे त्या देशांतले प्रकाशक, ग्रंथपाल आणि शिक्षक यांतल्या कित्येकांच्या अंगणात जर्मन बाँब पडले होते. खोक्यात पुस्तक ठेवताना त्यांना पलीकडचे मूल डोळ्यांपुढे आणावे लागले असेल, आणि ते मूल शत्रूचे होते.

३ जुलै १९४६ रोजी म्युनिकच्या ‘हाउस डेर कुन्स्ट’मध्ये प्रदर्शनाचे उद्घाटन झाले. चार हजारांच्या आसपास पुस्तके आणि भिंतींवर मुलांची चित्रे. हे ठिकाणही बोलके होते. नाझींनी आपल्या मान्यतेची ‘जर्मन कला’ मिरवण्यासाठी हीच भव्य इमारत बांधली होती आणि १९३७ मध्ये तिचे उद्घाटन खुद्द हिटलरने केले होते. नऊ वर्षांनी त्याच दालनांत मुले परक्या भाषांतली पुस्तके उलगडून बसली. अक्षर वाचता येत नव्हते, पण चित्र वाचता येत होते. पुढे प्रदर्शन स्टुटगार्ट, फ्रँकफुर्ट, बर्लिन असे फिरत राहिले आणि दहा लाखांहून अधिक लोकांनी ते पाहिले.

ते बर्लिनला पोचले तेव्हाची एक हकिगत सांगण्यासारखी आहे. नाताळ जवळ आला होता. मुलांनी पुस्तके पाहायची आणि रिकाम्या हाताने घरी जायचे, हे लेपमनबाईंच्या जिवाला लागले. प्रदर्शनात मन्रो लीफ या अमेरिकी लेखकाचे १९३६ सालचे एक छोटेसे पुस्तक होते. त्यातला फर्डिनांड हा बैल स्पेनमधला. बाकीचे गोऱ्हे शिंगे परजत असताना याला झाडाखाली बसून फुलांचा वास घेत राहावेसे वाटते. लोक त्याला झुंजीच्या मैदानात नेतात, तर तिथेही हा बसूनच राहतो. स्पेनमध्ये यादवी पेटलेली असताना निघालेल्या या गोष्टीला नाझी जर्मनीत थारा नव्हता. लेपमनबाईंनी तिचे स्वतः भाषांतर केले, वर्तमानपत्राच्या साध्या कागदावर तिच्या तीस हजार प्रती छापून घेतल्या आणि त्या बर्लिनच्या मुलांना फुकट वाटल्या. भूक आणि थंडी यांनी बेजार झालेल्या शहरात तीस हजार घरांत, लढायला नकार देणारा एक बैल शिरला.

पुस्तक म्हटले की ते चांगलेच, असे मात्र हा इतिहास मानू देत नाही. जर्मन मुलांकडे बारा वर्षे पुस्तके नव्हती असे नव्हे. त्यांच्यासाठी ‘विषारी अळंबी’ नावाचे एक रंगीत चित्रपुस्तक १९३८ मध्ये निघाले होते. आई आणि मुलगा रानात अळंब्या वेचायला जातात आणि चांगली अळंबी कोणती, विषारी कोणती हे सांगता सांगता आई त्याला ज्यू माणसे ओळखायला शिकवते. गोष्ट, आई, रान, चित्रे, मुलाला हवेसे सगळे त्यात होते. ते काढणारा प्रकाशक यूलिउस श्ट्रायखर याला न्युरेंबर्गच्या खटल्यात फाशीची शिक्षा झाली आणि १६ ऑक्टोबर १९४६ रोजी ती अमलात आली. येला लेपमन यांचे प्रदर्शन त्या वेळी जर्मनीत फिरत होते.

म्हणूनच लेपमनबाईंनी पुढे जे उभे केले त्याची घडण नीट पाहण्याजोगी आहे. फिरते प्रदर्शन कधीतरी संपणार, पुस्तकांना कायमचे घर हवे, असे त्यांनी धरले. १९४८ मध्ये त्या अमेरिकेत गेल्या. एलिनॉर रूझवेल्ट त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या. अमेरिकी ग्रंथालय संघटनेतल्या, विशेषतः मुलांची ग्रंथालये सांभाळणाऱ्या मंडळींनी काम आपले मानले. रॉकफेलर फाउंडेशनने चोवीस हजार डॉलर देऊ केले, मात्र जर्मन बाजूनेही पैसे उभे राहिले पाहिजेत अशी अट घातली. ही अट चांगलीच होती असे म्हणावे लागेल. परक्यांच्या देणगीवर उभे राहिलेले घर परकेच वाटत राहते.

१४ सप्टेंबर १९४९ रोजी म्युनिकच्या श्वाबिंग भागात, काउलबाखश्ट्रासेवरच्या एका जुन्या बंगल्यात आंतरराष्ट्रीय बालग्रंथालय उघडले. तेव्हाच्या जर्मन ग्रंथालयांत टेबलापलीकडच्या माणसाकडे पुस्तक मागायचे आणि तो देईल ते घ्यायचे, हा शिरस्ता होता. इथे कपाटे उघडी होती. मुलाने जावे, हाताला लागेल ते काढावे, आवडले नाही तर परत ठेवावे. चित्रकलेची खोली होती, परक्या भाषांचे वर्ग होते, नाटक होते. मुले पुस्तकांवर चर्चा करत आणि बरेवाईट मत सांगत. मुलांची एक संयुक्त राष्ट्रसंघटनाही भरत असे. त्यात एकेका मुलाने एकेका देशाच्या वतीने बोलायचे. काल-परवापर्यंत ज्या देशाचे नाव शत्रू म्हणून ऐकले, त्याची बाजू उभे राहून मांडायची, हा अनुभव पुस्तकातल्या पात्राच्या जागी स्वतःला ठेवून पाहण्यापेक्षा फार वेगळा नाही. उपदेशाचा तास मात्र कुठेच नव्हता. ‘विषारी अळंबी’ने मुलाला एक निष्कर्ष तयार करून दिला होता. या बंगल्यात निष्कर्ष मुलावर सोडला होता, आणि लेपमनबाईंचे सर्वांत मोठे काम कोणते म्हणाल तर हे.

या खटाटोपात त्यांना एक भला सोबती मिळाला, एरिश केस्टनर. ‘एमिल आणि गुप्तहेर’ लिहिणारा हा लेखक. १० मे १९३३ च्या रात्री बर्लिनच्या चौकात पुस्तकांची होळी झाली, तेव्हा आपली पुस्तके जळताना तो गर्दीत उभा राहून पाहत होता. लोकांचा लाडका ‘एमिल’ तेवढा त्या आगीतून सुटला. केस्टनरने देश सोडला नाही. युद्धानंतर तो म्युनिकमध्येच होता. लेपमनबाईंनी त्याला एक कल्पना सुचवली आणि १९४९ मध्ये ‘प्राण्यांची परिषद’ हे पुस्तक आले. माणसांच्या परिषदांतून काहीच निष्पन्न होत नाही म्हणून सगळे प्राणी एकत्र जमतात, आणि शेवटी सरकारांना वठणीवर आणण्यासाठी जगातली सगळी मुले लपवून ठेवतात. चित्रे काढली वाल्टर ट्रीअरने, ज्याला स्वतःला हिटलरपायी देशोधडीला लागावे लागले होते. पुस्तके जाळली गेलेला लेखक, परागंदा चित्रकार आणि हद्दपारीतून परतलेली संपादक, अशा तिघांचे हे पुस्तक जर्मन मुलांच्या हाती पडले. कडवटपणा त्यांच्या लेखणीत आला असता तरी कोणी दोष दिला नसता. त्यांनी हत्ती, सिंह, जिराफ यांना बोलते केले.

१९५१ च्या नोव्हेंबरात लेपमनबाईंनी म्युनिकला एक बैठक बोलावली. विषय होता बालपुस्तकांतून देशादेशांत समजूत कशी वाढेल. त्यातूनच १९५३ मध्ये झुरिकला एक संस्था उभी राहिली. ‘इब्बी’ या आद्याक्षरी नावाने ती ओळखली जाते. देशोदेशीच्या लेखक, चित्रकार, ग्रंथपाल, शिक्षक, प्रकाशक यांची ही मोट. त्यातले बहुतेक लोक काम हौसेने, पदरमोड करून करतात. १९५६ पासून ही संस्था हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार देते. पहिला एलिनॉर फार्जन यांना मिळाला, १९५८ चा अॅस्ट्रिड लिंडग्रेन यांना आणि १९६० चा केस्टनरला. अँडरसनचा जन्मदिवस, २ एप्रिल, १९६७ पासून जागतिक बालपुस्तक दिन म्हणून पाळला जातो. आपल्याकडेही अनेक शाळा आणि वाचनालये तो साजरा करतात, पण त्यामागे लेपमनबाईंची पत्रे आहेत हे फार थोड्यांना ठाऊक असते. इब्बीची एक शाखा भारतात आहे, आणि १९९८ मध्ये संस्थेचे अधिवेशन नवी दिल्लीला भरले होते. त्याचा विषय होता बालपुस्तकांतून शांतता. अणुचाचण्यांचे तेच वर्ष. पोखरणची बातमी मे महिन्यात आली होती.

लेपमनबाई १९५७ मध्ये ग्रंथालयातून निवृत्त झाल्या. आत्मकथनाला त्यांनी ‘बालपुस्तकांचा पूल’ असे नाव दिले, ते १९६४ मध्ये निघाले. ४ ऑक्टोबर १९७० रोजी झुरिकला त्यांचे निधन झाले. ग्रंथालय १९८३ मध्ये बंगला सोडून म्युनिकच्या कडेला असलेल्या ब्लुटेनबुर्ग या जुन्या किल्लेवजा वाड्यात गेले. आज तिथे दोनशेहून अधिक भाषांतली सहा लाखांवर पुस्तके आहेत.

पूल मात्र त्या वाड्यापाशी संपला नाही. व्हेनेझुएलात १९९९ च्या डिसेंबरात महापूर आणि दरडी यांनी हजारो माणसे गिळली, तेव्हा छावण्यांतल्या मुलांना जवळ घेऊन पुस्तके वाचून दाखवण्याचे काम इब्बीच्या तिथल्या मंडळींनी हाती घेतले. ज्या मुलाने डोळ्यांदेखत घर वाहून जाताना पाहिले आहे, ते स्वतःबद्दल बोलत नाही. गोष्टीतल्या ससुल्याचे घर गेले की त्याबद्दल ते बोलू लागते.

आणि मग लाम्पेदुसा. इटलीच्या दक्षिण टोकाचे हे लहानसे बेट आफ्रिकेच्या किनाऱ्याला जवळ, म्हणून लढाया आणि दुष्काळ यांतून निसटलेली माणसे होड्यांत दाटीवाटीने बसून तिथे येऊन थडकतात. बेटावर मुलांसाठी ग्रंथालय नव्हते. २०१२ मध्ये इब्बीने तिथे पुस्तके न्यायचे ठरवले, आणि पहिलाच पेच पडला भाषेचा. बेटावरची मुले इटालियन बोलणारी, होडीतून उतरणारी कुठल्या कुठल्या बोलीची. पुस्तके कोणत्या भाषेतली न्यायची?

उत्तर म्युनिकच्या त्या दालनात, अक्षर न कळता चित्रे वाचत बसलेल्या मुलांनी सहासष्ट वर्षांपूर्वीच देऊन ठेवले होते. देशोदेशीच्या शाखांना पुन्हा विनंती गेली. या वेळी शब्द नसलेली पुस्तके मागितली होती, फक्त चित्रांतून गोष्ट सांगणारी. ती आली, आणि अजूनही ठरावीक काळाने नवी येत असतात. प्रत्येक वेळच्या पुस्तकांचा एक संच रोमला जपून ठेवतात, एक जगभर फिरतो, आणि एक लाम्पेदुसाच्या मुलांसाठी बेटावर जातो.