जुन्या छतावर नवा थर देताना...

वैशाख वणवा पेटला की वर्धा जिल्ह्यातील आर्वी, पुलगाव, हिंगणघाट या गावांमध्ये दुपारी रस्ते ओस पडतात. मैदानी प्रदेशात कमाल तापमान ४५ अंश सेल्सियस किंवा त्याहून अधिक झाले की भारतीय हवामान खाते उष्णतेची लाट आणि ४७ अंशांवर तीव्र लाट मानते. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जाणे ही काही नवलाची गोष्ट नाही. अशा दिवसांत घरात येणाऱ्या उष्णतेचा मोठा वाटा छतावाटे येतो, कारण भिंतींना आलटूनपालटून सावली मिळते, पण छत सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत तापत असते. त्यामुळे ‘छतावर आणखी एक थर टाकून घ्या’ हा सल्ला घरोघरी ऐकू येतो.

सल्ला चुकीचा नाही, पण तो अपुरा आहे. बहुतेक घरांच्या छतावर आधीचे काही ना काही असतेच. कुठे माळ्यावर मातीचा थर असतो, कुठे स्लॅबवर वीटतुकड्यांचा कोबा, तर कुठे पत्र्याखाली थर्माकोलचे छत. नवा थर या जुन्याच्या अंगावर बसणार असतो. तेव्हा कोणते साहित्य आणावे हा प्रश्न नंतरचा. खाली काय आहे, ते कोरडे आहे का आणि नवा भार ते पेलेल का, हे आधी पाहावे लागते.

थर नेमके काय करतो?

उष्णतारोधक थर उष्णता नाहीशी करीत नाही, तिचा प्रवास मंद करतो. हे काम प्रामुख्याने त्यात अडकून राहिलेली स्थिर हवा करते. एखाद्या पदार्थातून उष्णता किती सहज वाहते हे त्याच्या उष्णतावाहकतेवरून कळते. हा आकडा सिमेंट काँक्रीटसाठी सुमारे १.५८, विटेसाठी ०.८, मातीच्या लिंपणासाठी ०.५, तर खनिज लोकर किंवा थर्माकोलसारख्या पदार्थांसाठी ०.०४ च्या आसपास असतो. म्हणजे पाच सेंटिमीटर खनिज लोकर जे काम करते, त्यासाठी एक मीटर जाडीचा विटांचा थरही जेमतेम पुरतो.

मात्र हे आकडे कोरड्या पदार्थांचे आहेत. पाण्याची वाहकता स्थिर हवेच्या वीसपटींहून अधिक असते. थरातील पोकळ्यांत पाणी शिरले की तो उष्णता अडवण्याऐवजी वाहून नेऊ लागतो आणि त्याचे वजनही वाढते. ओल्या जुन्या थरावर नवा थर टाकणे म्हणजे ओल कोंडून ठेवणे होय. ही ओल पुढे लाकूड कुजवते, वाळवीला बोलावते आणि स्लॅबमधील सळया गंजवते. म्हणून गळती आधी थांबवावी, जुना थर पूर्ण वाळू द्यावा आणि मगच पुढचे काम हाती घ्यावे, हा पहिला नियम.

कवेलूचे घर आणि माळा

आर्वीच्या जुन्या वस्तीत कवेलूची घरे आजही दिसतात. कवेलूखाली हवेची पोकळी, त्याखाली लाकडी फळ्यांचा माळा आणि माळ्यावर मातीचा थर, ही रचना उष्णतेच्या दृष्टीने शहाणपणाची होती. वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आश्रमातील १९३६ पासूनच्या कुटींमध्येही माती, बांबू, लाकूड आणि कवेलू यांचाच मेळ दिसतो. कवेलूंच्या फटींतून गरम हवा बाहेर पडते. नवा थर देताना हा मार्ग बुजवला, तर घर अधिकच कोंदट होते. म्हणून थर कवेलूच्या आतल्या अंगाला चिकटवून न लावता माळ्याच्या फळ्यांवर पसरावा. वळचणीकडची आणि आढ्याजवळची हवा येण्याजाण्याची जागा मोकळी ठेवावी.

माळ्यावर आधीच माती असेल तर तिचे वजन विचारात घ्यावे. दहा सेंटिमीटर जाडीची माती चौरस मीटरला दीडशे किलोहून अधिक भरते. त्यावर आणखी माती टाकण्याऐवजी खनिज लोकरीसारखा हलका थर निवडणे शहाणपणाचे, कारण त्याचा भार चौरस मीटरला काही किलोच असतो. दोन थरांच्या मध्ये प्लॅस्टिकचा कागद घालू नये. पावसाळ्यात एखादे कवेलू फुटून पाणी आत आले, तर ते कागदावर साचून राहते आणि खालच्या लाकडाचा नाश होईपर्यंत पत्ता लागत नाही. तुळया आणि वासे भिंतीत जिथे शिरतात, तिथेच कुज व वाळवी आधी लागते. त्या ठिकाणी टोकदार पेचकसाने टोचून पाहावे. टोक सहज आत गेले, तर नव्या थराचा विचार बाजूला ठेवून सुताराला बोलवावे.

कापसाच्या या प्रदेशात पऱ्हाटी, तुराटी, कडबा किंवा सरकी काढलेला कापूस माळ्यावर टाकण्याचा मोह होतो. हे पदार्थ उष्णता अडवतात, यात शंका नाही. परंतु ते एका ठिणगीने पेट घेतात आणि उंदीर, विंचू व वाळवीला आसरा देतात. प्रक्रिया न केलेले असे साहित्य राहत्या घराच्या माळ्यावर नकोच.

टिनाचे आणि सिमेंटचे पत्रे

टिनाचा पत्रा उन्हाने लवकर तापतो आणि ती उष्णता थेट खाली फेकतो. त्याखाली थर्माकोलचे छत असेल, तर नवा थर देण्यापूर्वी त्याची अवस्था तपासावी. थर्माकोल ८० ते ९० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतो आणि तापलेल्या पत्र्याला टेकलेल्या जागी तो वर्षानुवर्षे आक्रसत जातो. तो ज्वलनशील आहे आणि जळताना विषारी धूर सोडतो. स्वयंपाकघरावर उघडा थर्माकोल असेल, तर त्यावर भर न घालता तो काढून टाकणे उत्तम. हिवाळ्यात पहाटे पत्र्याच्या आतल्या बाजूला दव धरते. ते थेंब थरात मुरू नयेत म्हणून पत्रा आणि थर यांच्यात बोटभर तरी हवेशीर पोकळी ठेवावी.

सिमेंटच्या जुन्या पन्हाळी पत्र्यांबाबत विशेष सावध राहावे. त्यांत बहुधा ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. पत्रा शाबूत असेपर्यंत ते सिमेंटमध्ये बांधलेले राहतात, पण तो कापला, भोके पाडली किंवा खरवडला की सूक्ष्म धूळ उडते आणि श्वासावाटे फुप्फुसात जाऊन बसते. तिचे दुष्परिणाम कित्येक वर्षांनी दिसतात. त्यामुळे अशा पत्र्यात नवे स्क्रू मारून थर लटकवू नये. खालून स्वतंत्र सांगाडा उभारून त्यावर छत घ्यावे. हे पत्रे ठिसूळ असतात. त्यांवर पाय देताच माणूस खाली कोसळल्याच्या दुर्घटना सर्वत्र घडतात. वर जाणे अटळ असेल, तर आधाराच्या कैच्यांवर टेकलेली फळी टाकून तिच्यावरूनच चालावे.

स्लॅबचा हिशेब

नव्या वस्त्यांमध्ये स्लॅबची घरे अधिक आहेत. गळती आणि उष्णता या दोहोंवर एकच उपाय म्हणून वीटतुकड्यांचा कोबा घातला जातो आणि दहा-पंधरा वर्षांनी तो तडकला की त्यावरच दुसरा घालतात. खरा धोका इथे आहे. दहा सेंटिमीटर कोब्याचे वजन चौरस मीटरला सुमारे २०० किलो होते. भारतीय मानकानुसार वावर असलेल्या सपाट गच्चीसाठी माणसे, सामान वगैरेंचा भार चौरस मीटरला सुमारे १५० किलो धरला जातो. म्हणजे दुसऱ्या कोब्याचे वजन या तरतुदीहूनही जास्त, आणि तेही कायमचे. शंभर चौरस फुटांच्या खोलीवर हा वाढीव भार पावणेदोन टनांच्या पुढे जातो. त्यात भर म्हणून पाण्याची टाकी असतेच. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन.

एवढे वजन लादून मिळते काय? बांधकामतज्ज्ञ छताच्या उष्णतावहनाचा एक निर्देशांक काढतात. तो जितका कमी, तितके छत चांगले. साडेबारा सेंटिमीटर स्लॅब आणि त्यावर दहा सेंटिमीटर कोबा असेल, तर हा निर्देशांक सुमारे २.४ वॅट प्रति चौरस मीटर प्रति अंश येतो. दुसरा कोबा घातल्यावर तो १.९ पर्यंतच उतरतो. केंद्र सरकारच्या २०१८ मधील ‘इको निवास संहिते’ने निवासी इमारतींच्या छतासाठी १.२ ही कमाल मर्यादा सांगितली आहे. तीही या दोन कोब्यांनी गाठता येत नाही. याउलट त्याच जुन्या कोब्यावर अडीच सेंटिमीटर एक्सट्रुडेड पॉलिस्टायरीनचे घट्ट तक्ते घातले, तर निर्देशांक ०.९ च्या आसपास येतो आणि पाच सेंटिमीटर घातल्यास तो ०.५ वर जातो. पाच सेंटिमीटर तक्त्यांचे वजन चौरस मीटरला जेमतेम दोन किलो. जाड कोब्याचा आणखी एक दोष असा की दिवसभर साठवलेली उष्णता तो रात्री खोलीत सोडतो. रात्री दहा वाजताही छताला हात लावल्यावर ऊब जाणवते ती यामुळेच.

हे तक्ते उन्हात उघडे ठेवता येत नाहीत. त्यांवर संरक्षक आवरण लागते. चार सेंटिमीटर काँक्रीटचे आवरण दिले, तर चौरस मीटरला सुमारे ९५ किलो वाढतात. हा भार दुसऱ्या कोब्याच्या निम्मा असला, तरी दुर्लक्ष करण्याजोगा नाही. म्हणून जुना कोबा पोकळ वाजत असेल किंवा त्यात पाणी मुरलेले असेल, तर तो काढून स्लॅबचे जलरोधन नव्याने करावे आणि मग तक्ते घालावेत. सगळे थर पूर्ण झाल्यावर गच्चीचा उतार पन्हाळीकडे आहे ना, हे पाणी ओतून पाहावे. गच्चीची उंची वाढल्याने कठडा ठेंगणा होतो, ही गोष्ट लहान मुलांच्या घरात विसरून चालणार नाही. स्लॅबच्या खालच्या बाजूला गंजाचे डाग, सळईच्या रेषेत तडे किंवा सुटलेले प्लॅस्टर दिसत असेल, तर स्थापत्य अभियंत्याला दाखवल्याशिवाय वर एक घमेलेही टाकू नये.

वीज आणि आग

माळ्यावरच्या तारांकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. तारेतून वीज वाहताना ती थोडी तापते आणि ही उष्णता हवेत निघून जाते. तीच तार उष्णतारोधक थरात पूर्ण गाडली गेली की उष्णता कोंडते. म्हणूनच थराने चहूबाजूंनी वेढलेल्या तारेची क्षमता सुमारे निम्मी धरण्याचा संकेत आहे. विदर्भात उन्हाळ्यात कूलर, पंखे, फ्रिज आणि वातानुकूलन यंत्र एकाच वेळी चालतात, म्हणजे तारांवर सर्वाधिक भार नेमका सर्वाधिक उष्ण दिवसांत पडतो. लाकडी पट्टीवरच्या जुन्या कापडी किंवा रबरी वेष्टनाच्या तारा असतील, तर त्या बदलल्याखेरीज थर घालू नये. पीव्हीसी वेष्टनाची तार थर्माकोलला टेकली तर तिचे वेष्टन कालांतराने कडक होऊन तडकते. तारा नळीतून घ्याव्यात आणि शक्यतो थराच्या वर ठेवाव्यात. जोडपेट्या झाकू नयेत. छतात बसवलेल्या दिव्यांभोवती आणि धुराड्याभोवती मोकळी जागा सोडावी. मुख्य फलकावर गळती प्रवाह तोडणारा स्विच नसेल, तर तो याच वेळी बसवून घ्यावा.

काम करताना

या कामासाठी फेब्रुवारी-मार्च हा काळ उत्तम. लाकूड व कोबा कोरडे असतात आणि पत्र्याखाली उष्माघाताची भीती नसते. मे महिन्यात करणे भागच असेल, तर सकाळी नऊच्या आत आटोपावे आणि एकट्याने माळ्यावर चढू नये. मुख्य स्विच बंद करून विजेरीच्या उजेडात काम करावे. पाय तुळईवर किंवा आडव्या टाकलेल्या भक्कम फळीवरच ठेवावा. खोट्या छतावर मुळीच नको. खनिज लोकरीचे तंतू त्वचा, डोळे आणि घसा यांना खुपतात. लांब बाह्यांचा सदरा, हातमोजे, चष्मा आणि नाकातोंडावर घट्ट बसणारा मास्क हवा. नाकाला बांधलेला रुमाल पुरत नाही. लोकर दाबून बसवू नये, कारण दाबली की तिच्यातील हवा निघून जाते. दुसरा थर पहिल्याच्या आडव्या दिशेने पसरला म्हणजे खालचे सांधे झाकले जातात.

परदेशी असणाऱ्या मराठी वाचकांसाठी

अमेरिका, कॅनडासारख्या देशांत प्रश्न थंडीचा असतो, पण नियम बरेचसे तेच आहेत. जुन्या थरावर घालायचा नवा थर कागदी किंवा प्लॅस्टिक आवरण नसलेला असावा, नाहीतर घरातील बाष्प दोन थरांमध्ये अडकते. वळचणीतील हवेचे झरोके बुजवू नयेत. चिनी मातीच्या खुंट्यांवरून गेलेल्या जुन्या तारा असतील, तर त्या झाकू नयेत. जुना थर करड्या-तपकिरी, चकाकणाऱ्या खड्यांचा असेल, तर तो व्हर्मिक्युलाइट असण्याची शक्यता आहे. १९९० मध्ये बंद झालेल्या मोंटाना राज्यातील लिबी येथील खाणीच्या मालात ॲस्बेस्टॉस होते. तो ढवळू नये, तज्ज्ञांकरवीच हाताळावा.

आधी स्वस्त उपाय

थर देण्याआधी एक साधा प्रयोग करता येतो. गच्ची किंवा पत्रा स्वच्छ करून पांढरा चुना वा परावर्तक रंग द्यावा. पांढरा पृष्ठभाग ऊन परत फेकतो, वजन जवळपास वाढत नाही आणि खर्चही मर्यादित राहतो. अहमदाबाद महापालिकेने २०१० च्या भीषण उन्हाळ्यानंतर २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा आखला आणि पुढे गरीब वस्त्यांतील छते पांढरी करण्याचा कार्यक्रमही हाती घेतला. धुळीने रंग मळतो, त्यामुळे दरवर्षी छत धुवावे आणि गरजेनुसार हात फिरवावा. रात्री खिडक्या उघडून साठलेली उष्णता बाहेर जाऊ द्यावी. एवढ्यानेही भागले नाही, तर थराचा विचार करावा.

तेव्हाही क्रम बदलू नये. गळती, लाकूड किंवा स्लॅबची तपासणी, वजनाचा हिशेब, विजेच्या तारा आणि सर्वांत शेवटी थर. घरातली वृद्ध माणसे आणि लहान मुले दुपारभर ज्या छताखाली विसावतात, ते थंड असावेच, पण त्याआधी ते भक्कम असावे.