नराच्या मेंदूतले इस्ट्रोजेन

नराचे वागणे वृषणांतून रक्तात उतरणाऱ्या द्रव्यावर अवलंबून असते, याचा पहिला भक्कम पुरावा 1849 साली जर्मनीतील ग्योटिंगेन येथे मिळाला. आर्नोल्ड बेर्टहोल्ड यांनी सहा कोंबड्यांवर प्रयोग केला. ज्यांची वृषणे काढून टाकली त्यांचे तुरे खुरटले आणि त्यांची झुंजण्याची खुमखुमीही गेली. ज्यांच्या पोटात, आतड्यांलगत, वृषण पुन्हा बसवले होते ते मात्र पूर्वीसारखेच आरवत आणि माद्यांमागे धावत राहिले. नंतर पोट उघडले तेव्हा त्या वृषणाला नव्या रक्तवाहिन्या फुटलेल्या दिसल्या. जुन्या मज्जातंतूंशी त्याचा संबंध उरला नव्हता, म्हणजे संदेश रक्तातूनच जात होता.

सस्तन प्राण्यांत हे कोडे अधिक गुंतागुंतीचे निघाले. वळूंच्या वृषणांतून टेस्टोस्टेरॉन 1935 साली वेगळे करण्यात आले. पण त्याच्या आदल्याच वर्षी बर्नहार्ड झोंडेक यांना घोड्याच्या, तेही नर घोड्याच्या, मूत्रात भरपूर इस्ट्रोजेन सापडले होते. संप्रेरकांची नराची आणि मादीची अशी वाटणी डोक्यात घट्ट बसल्यामुळे या शोधाचे पुरते मोल कळायला फार वेळ गेला.

1959 मध्ये फिनिक्स, गॉय, जेराल आणि यंग यांनी गाभण गिनिपिगांना टेस्टोस्टेरॉन टोचले. पोटी आलेल्या माद्या मोठेपणी नरांसारख्या वागू लागल्या. मेंदूची घडण जन्माआधीच सुरू होते, हे त्यातून दिसले.

खरी कलाटणी 1970 च्या दशकात मिळाली. नॅफ्टोलिन, रायन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की अ‍ॅरोमॅटेज हे विकर मेंदूतच, विशेषतः हायपोथॅलॅमसमध्ये, टेस्टोस्टेरॉनचे इस्ट्राडायॉल या इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करते. टेस्टोस्टेरॉनपासूनच बनणाऱ्या डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनचे असे रूपांतर होत नाही. म्हणून 1973 सालचा बॉम आणि व्रेबुर्ग यांचा प्रयोग विशेष मोलाचा ठरतो: खच्ची केलेल्या नर उंदरांना इस्ट्राडायॉल आणि डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन एकत्र दिल्यावर त्यांचे समागमाचे वर्तन परतले. दोन्ही संप्रेरके मिळूनच टेस्टोस्टेरॉनचे काम पार पाडत होती.

मेंदू नरासारखा घडण्यातही इस्ट्रोजेनचा हात असेल, तर मग आईच्या इस्ट्रोजेनने मादी पिल्लांचे मेंदू नरासारखे का होत नाहीत? उंदरांच्या गर्भात अल्फा-फीटोप्रोटीन ते इस्ट्रोजेन रक्तातच धरून ठेवते आणि मेंदूपर्यंत पोहोचू देत नाही. टेस्टोस्टेरॉनला मात्र ते अडवत नाही. हे प्रथिन नसलेल्या मादी उंदरांत नरासारखे वर्तन दिसल्याचे 2006 मध्ये प्रसिद्ध झाले.

उंदरांवरचे हे निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लावता येत नाहीत. माणसाच्या मेंदूच्या घडणीत टेस्टोस्टेरॉनची थेट क्रिया अधिक महत्त्वाची दिसते. तरी प्रौढ पुरुषालाही इस्ट्रोजेन लागतेच. 2013 च्या एका अभ्यासात पुरुषांच्या शरीरातील टेस्टोस्टेरॉनची निर्मिती औषधाने थांबवून ते बाहेरून पुरवण्यात आले. त्यांपैकी ज्यांच्यात त्याचे इस्ट्राडायॉलमध्ये होणारे रूपांतरही रोखले गेले, त्यांची कामेच्छा अधिक घटली आणि अंगावरची चरबी वाढली.