वन, वीज आणि कविता : सायलेंट व्हॅलीमागील पाठिंब्याची जडणघडण

केरळमधील सायलेंट व्हॅलीच्या संरक्षणाचा इतिहास साहित्याच्या अभ्यासात बहुधा कवितेपासून सांगितला जातो. सुगतकुमारी यांची ‘मरत्तिनु स्तुति’ (वृक्षस्तुती) ही कविता सभासभांतून म्हटली गेली, कवी रस्त्यावर उतरले आणि धरण रद्द झाले, असा त्या कथनाचा रूढ आकृतिबंध आहे. तो खोटा नाही. परंतु कालक्रम तपासला म्हणजे अपुरा वाटू लागतो. कवी या प्रश्नात संघटितपणे उतरले ते १९८०च्या सुमारास. तोवर वादाची भाषा अनेकदा बदलून गेली होती.

पालक्काड जिल्ह्यात कुंतिप्पुळा नदीवर, सैरंध्री या ठिकाणी धरण बांधण्याच्या योजनेला १९७३ मध्ये नियोजन आयोगाची मान्यता मिळाली. पहिल्या टप्प्यात १२० मेगावॅट वीज मिळणार होती व सुमारे ८३० हेक्टर वन पाण्याखाली जाणार होते. १९७६ मध्ये जफर फतेहअली यांच्या अध्यक्षतेखालील कृतिगटाने योजना सोडून द्यावी असे सुचविले. ते शक्य नसेल तर पाळावयाच्या सतरा अटीही त्याने सांगितल्या. राज्य शासनाने शिफारशीचा पूर्वार्ध बाजूला ठेवून उत्तरार्ध तेवढा उचलला. १९७८ मध्ये पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी या अटींना कायद्याचे रूप द्यावे, अशा बोलीवर परवानगी दिली आणि १९७९ मध्ये केरळने सायलेंट व्हॅलीच्या पर्यावरणीय समतोलाच्या रक्षणाचा कायदा केला. या वनाच्या नावाने झालेला पहिला संरक्षक कायदा हा धरणाची वाट मोकळी करणारा कायदा होता. केवळ शीर्षकावरून कायद्याचा हेतू वाचू पाहणाऱ्यांची येथे फसगत होते.

विरोधाचा आरंभीचा स्वर प्राणिशास्त्राचा होता. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी, सालिम अली, १९७८ मध्ये ठराव करणारी आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघटना यांचे म्हणणे मुख्यतः दुर्मीळ वर्षावन आणि त्यातील सिंहपुच्छ वानर यांभोवती फिरत होते. दिल्ली-मुंबईत ते पटण्यासारखे होते. केरळात मात्र ते उलटले. डावे-उजवे सर्व प्रमुख पक्ष धरणाच्या बाजूने होते. मलबारला वीज हवी होती. आणि ‘माकड मोठे की माणूस?’ हा प्रश्न प्रचारासाठी आयताच मिळाला.

हा पेच सोडविण्यात केरळ शास्त्र साहित्य परिषदेचा वाटा निर्णायक होता. १९६२ मध्ये विज्ञानलेखकांनी ही संस्था स्थापली ती मलयाळममधून विज्ञान लिहिण्यासाठी. म्हणजे तिचा मूळ व्यवसायच एका भाषेतले ज्ञान दुसरीत आणण्याचा. वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक एम. के. प्रसाद आणि ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्रात काम केलेले अभियंते एम. पी. परमेश्वरन यांच्यासह पाच जणांनी १९७९ मध्ये योजनेचे तांत्रिक, आर्थिक व सामाजिक मूल्यमापन प्रसिद्ध केले. वनाचे गुणगान करून थांबण्याऐवजी त्यांनी वीज मंडळाच्या हिशेबाला हिशेबाने उत्तर दिले. मलबारची उणीव वीजनिर्मितीइतकीच वहनव्यवस्थेची आहे. वहनातील गळती कमी केली व औष्णिक केंद्र उभारले तर गरज भागू शकते, असे त्यांनी दाखविले. ‘वन की वीज’ हा पर्याय ‘कोणत्या खर्चाने, कोठून वीज’ असा बदलला. परिषदेतील अनेकजण डाव्या पक्षांशी जवळीक असलेले होते. त्यांच्यासाठी ही भूमिका आपल्याच माणसांविरुद्ध जाणारी होती, आणि कदाचित म्हणूनच ती ऐकली गेली.

कवींचे काम यानंतर उठून दिसते. सुगतकुमारी, ओ. एन. व्ही. कुरुप, अय्यप्प पणिक्कर या कवींची ‘मरक्कवी’, अर्थात झाडकवी, म्हणून टिंगल झाली. परंतु ज्या घरांत वीजवहनाचा हिशेब पोहोचणार नव्हता, तेथे कविता पोहोचली. हिशेबाने विरोधकांना निरुत्तर केले. कवितेने तटस्थांना बाजू दिली. यातील एकाच कामाला श्रेय देणे हा इतिहासाच्या दृष्टीने आळस होय.

इंदिरा गांधींच्या शासनाने एम. जी. के. मेनन यांच्या अध्यक्षतेखाली केंद्र व राज्य यांची संयुक्त समिती नेमली; मराठीत सातत्याने लिहिणारे परिस्थितिशास्त्रज्ञ माधव गाडगीळ तिचे सदस्य होते. १९८३ मध्ये योजना सोडण्यात आली, १९८४ मध्ये राष्ट्रीय उद्यान घोषित झाले व ७ सप्टेंबर १९८५ रोजी राजीव गांधींनी त्याचे उद्घाटन केले. दरम्यान १९८० च्या वन (संवर्धन) अधिनियमाने वनभूमीच्या वनेतर वापरासाठी केंद्राची पूर्वसंमती आवश्यक केली होती. मन्नारक्काड परिसरात ज्यांनी धरणावर रोजगाराची आशा ठेवली होती, ते मात्र या आघाडीत कधी आले नाहीत. त्यांच्यापर्यंत ना हिशेब नीट गेला, ना कविता.

ही उणीव तीन दशकांनी मोठ्या प्रमाणावर उघडी पडली. गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट तज्ज्ञ गटाने ऑगस्ट २०११ मध्ये इंग्रजीत अहवाल दिला. केंद्रीय मंत्रालयाने तो दाबून ठेवला. माहिती आयोगाचा आदेश व दिल्ली उच्च न्यायालयाचा निर्णय यांनंतर मे २०१२ मध्ये तो खुला झाला. निर्बंधांबरोबरच त्यात शेतकऱ्यांना द्यावयाच्या निधीचाही विचार होता : मातीत कर्ब साठविणाऱ्या शेतीला मोबदला, देवराया राखणाऱ्यांना संरक्षणसेवेचे शुल्क. म्हणजे १९७९ मधील परिषदेप्रमाणे येथेही निसर्गाचा प्रश्न उपजीविकेच्या हिशेबात मांडला गेला होता. फरक एवढाच की तो हिशेब ज्यांच्यासाठी होता त्यांच्या भाषेत तो वेळेवर सांगणारे कोणी नव्हते. नोव्हेंबर २०१३ मध्ये, कस्तुरीरंगन समितीच्या तुलनेने सौम्य अहवालावर केंद्राने पाऊल उचलताच, इडुक्की व वायनाडमधील डोंगरी शेतकरी चर्चच्या पाठिंब्याने रस्त्यावर आले. त्यांच्यात पसरली होती ती घर-जमीन जाण्याची धास्ती. मोबदल्याची पाने इंग्रजीतच राहिली होती.