दुसऱ्यांच्या संध्याकाळसाठी
मावळातले पाणी, मुंबईची वीज आणि खेळांचे सर्व्हर

पुणे-लोणावळा लोकलमार्गावर वडगाव आणि कामशेत यांच्यामध्ये कान्हे हे छोटे स्थानक आहे. कान्हे फाट्यावरून उत्तरेकडे निघालेला रस्ता टाकवे बुद्रुकवरून अंदर मावळात जातो. या खोऱ्याची नदी आंद्रा. ती इंद्रायणीला मिळते, इंद्रायणी भीमेला आणि भीमा कृष्णेला, म्हणजे आंद्रेचे पाणी मुळात बंगालच्या उपसागराचे. १९२२ साली त्यातल्या बऱ्याच पाण्याची दिशा बदलली. ठोकळवाडीला बांधलेल्या धरणाचे पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून पश्चिमेला भिवपुरीच्या वीजघरात सोडण्यात आले आणि तिथून ते उल्हास नदीतून अरबी समुद्राकडे वाहू लागले. त्या पाण्यावर तयार झालेली वीज मुंबईला गेली.

या जुन्या घटनेचा आणि मोबाइलवर चालणाऱ्या खेळांचा संबंध काय, असा प्रश्न वाचकांना पडेल. संबंध आहे तो ‘क्षमता’ या शब्दात. ऐन वेळी कमी पडू नये म्हणून आधीच उभारून ठेवलेली आणि बराच काळ नुसती वाट पाहणारी यंत्रसामग्री म्हणजे क्षमता. ती किती उभारायची, कुठे उभारायची आणि तिचा भार कोणी सोसायचा, हे तिन्ही प्रश्न शंभर वर्षांपूर्वी विजेच्या बाबतीत मावळात आले होते. आज ते सर्व्हरच्या रूपाने त्याच पट्ट्यात पुन्हा येत आहेत.

खेळ दूर, हात जवळ

पूर्वी व्हिडिओ गेम खेळायचा तर यंत्र घरात लागे. क्लाउड गेमिंगमध्ये खेळ चालतो तो दूरच्या डेटा सेंटरमधल्या यंत्रावर. आपण बटण दाबले की तो इशारा तारेतून तिकडे जातो, तिथले यंत्र पुढचे चित्र तयार करते, ते आकुंचित करते आणि व्हिडिओच्या रूपाने परत पाठवते. सेकंदाला ६० चित्रे म्हणजे एका चित्राच्या वाट्याला जेमतेम १७ मिलिसेकंद येतात. चेंडू बॅटवर येताना दिसला आणि फटका उमटायला दशांश सेकंद उशीर झाला, तर खेळाची मजा संपली.

चित्रपट घरबसल्या पाहणे ही गोष्ट याहून अगदी निराळी. चित्रपट आधीच तयार असतो. त्याची एक प्रत हजारो लोकांना पुरते आणि पुढची काही मिनिटे आधीच उतरवून ठेवता येतात. खेळात पुढचे चित्र काय असेल हे खेळणाऱ्याच्या बोटावर ठरते, त्यामुळे साठवण्यासारखे काही नसते आणि प्रत्येक खेळणाऱ्यासाठी यंत्राचा स्वतंत्र वाटा राखून ठेवावा लागतो. मायक्रोसॉफ्टने आपली सेवा सुरू केली तेव्हा तर घरगुती एक्सबॉक्स यंत्रांचे अंतर्भागच सर्व्हरच्या पेटीत ओळीने बसवले होते. मोठे खेळ चालवताना एक खेळाडू, एक यंत्र असा हा हिशेब पुष्कळ अंशी आजही टिकून आहे.

अंतराचे गणित तर निसर्गाने घालून दिलेले आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई-पुणे ये-जा त्याला दीड-दोन मिलिसेकंदांत जमते. मुंबईहून सिंगापूरला जाऊन यायला किमान चाळीस मिलिसेकंद लागतात, आणि तारांची वळणे व वाटेतली यंत्रे धरली की त्याहून जास्त. उपग्रह तर याहून लांब. पुणे जिल्ह्यातच, जुन्नर तालुक्यातल्या आर्वी येथे १९७१ साली विक्रम उपग्रह भूकेंद्र सुरू झाले आणि भारताचे परदेशांशी दूरध्वनी व दूरचित्रवाणीचे नाते जुळले. पण भूस्थिर उपग्रह जवळजवळ ३६ हजार किलोमीटर उंचीवर असतो. इशारा वर जाऊन खाली यायलाच पाव सेकंद, आणि उत्तर यायला आणखी पाव. बातमीला आणि बोलण्याला ते चालून गेले, खेळाला ते चालत नाही.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. ई-मेल किंवा फोटोंचा साठा अमेरिकेतल्या रिकाम्या यंत्रांवर ठेवता येतो, पण खेळासाठी अमेरिकेतली रिकामी यंत्रे उसनी घेता येत नाहीत. त्यात संपूर्ण भारताचे घड्याळ एकच, त्यामुळे रात्रीचे नऊ सगळीकडे एकदमच वाजतात. यंत्रे जवळच हवीत, आणि ती सर्वांत गजबजलेल्या तासाला पुरतील इतकी हवीत.

किती यंत्रे पुरेत?

हा प्रश्न संगणकाच्याही आधीचा आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नेर क्रारुप एरलांग या गणितज्ञाने १९०९ आणि १९१७ साली दोन प्रसिद्ध निबंध लिहिले. गावातले लोक किती वेळा आणि किती वेळ बोलतात हे माहीत असेल, तर ‘लाइन बिझी’ ऐकणाऱ्यांचे प्रमाण अमुक टक्क्यांच्या आत ठेवायला किती तारा लागतील, हे त्याने सूत्रात मांडले. दूरध्वनीच्या वाहतुकीचे एकक आजही त्याच्याच नावाने ओळखले जाते. खेळांच्या सर्व्हरचा हिशेबही मुळात याच जातीचा.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका सेवेचे एक लाख ग्राहक आहेत आणि प्रत्येक जण दिवसाला सरासरी एक तास खेळतो. रात्री नऊच्या सुमारास शंभरातले आठ जण एकाच वेळी खेळत असतील, तर ८,००० यंत्रे हवीत. या यंत्रांचे दिवसाचे एकूण तास होतात १ लाख ९२ हजार, आणि वापरले जातात फक्त एक लाख. जवळजवळ निम्मी क्षमता रिकामी बसते. दिवाळीच्या सुट्टीत आठाचे बारा झाले, तर ८,००० यंत्रेही कमी पडतात आणि लोक रांगेत थांबतात. एका यंत्राला सरासरी २५० वॅट धरले तर २ मेगावॅट वीज लागेल, थंड ठेवण्याचा खर्च मिळवला की सुमारे ३.

हा हिशेब चुकला तर काय होते, याचे धडे अमेरिकेत मिळाले. ऑनलाइव्ह ही कंपनी २०१० साली क्लाउड गेमिंग घेऊन बाजारात उतरली. मागणी येईल या भरवशावर तिने हजारो सर्व्हर उभारले. २०१२ साली कंपनी कोसळली, तेव्हा आलेल्या वृत्तांनुसार जगभरात एका वेळी खेळणाऱ्यांची संख्या कधी १,६०० च्या फारशी पुढे गेलीच नव्हती. नव्या मालकांकडे सेवा कशीबशी चालू राहिली आणि २०१५ मध्ये बंद पडली. गूगलची स्टेडिया ही सेवा नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाली आणि १८ जानेवारी २०२३ रोजी संपली. भारतात ती आलीच नाही. गूगलकडे पैशांची किंवा यंत्रांची कमतरता नव्हती, कमतरता होती ती खेळणाऱ्यांची. आधी यंत्रे की आधी गिऱ्हाईक, हा पेच नुसत्या पैशाने सुटत नाही.

मावळातली पहिली क्षमता

विजेलाही हाच पेच पडला होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईच्या कापडगिरण्या दगडी कोळशावर चालत. कोळसा दुरून येई, महाग पडे आणि धुराने शहर काळवंडे. पश्चिम घाटावर कोसळणाऱ्या पावसापासून वीज करावी ही कल्पना जमशेटजी टाटांनी उचलून धरली. १९०४ मध्ये ते वारले, आणि पुढे १९१० साली टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक कंपनी स्थापन झाली. लोणावळा, वळवण आणि शिरोता येथे तलाव बांधले गेले. घाटमाथ्यावरून सुमारे ५०० मीटर खाली खोपोलीला पाणी सोडून १९१५ साली मुंबईला वीज पोहोचली.

या योजनेचे मर्म साठ्यात आहे. पाऊस चार महिने, गिरण्या बारा महिने. वीज स्वतः मोठ्या प्रमाणात साठवता येत नव्हती, जेव्हा हवी तेव्हाच ती निर्माण करावी लागे. मग साठवले ते पाणी. मावळातले तलाव म्हणजे मुंबईच्या मागणीची वाट पाहत थांबलेली क्षमता. झडप उघडली की काही मिनिटांत वीज मिळते, म्हणून जलविद्युत केंद्रे आजही गर्दीच्या तासांना विशेष उपयोगी पडतात.

खोपोलीनंतर भिवपुरी, भिवपुरीनंतर भिरा. भिऱ्यासाठी मुळशीला धरण बांधायचे ठरले तेव्हा पन्नासहून अधिक गावांच्या जमिनीवर संकट आले, आणि एप्रिल १९२१ मध्ये मुळशी सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ हे नाव याच लढ्याने दिले. लढा हरला, धरण झाले आणि १९२७ मध्ये भिऱ्याची वीज सुरू झाली. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती आणि धूर कमी होणे मुंबईच्या हिताचे होते, हे खरेच. पण ज्यांच्या भातखाचरांवर पाणी चढले, त्यांच्या घरात दिवा त्या विजेने लागला नाही. खेडोपाडी वीज नेण्याचे काम मुख्यतः १९६० साली राज्य वीज मंडळ स्थापन झाल्यानंतरचे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. एकदा उभारलेली क्षमता मागे घेता येत नाही. भिवपुरीचे पाणी उल्हास नदीत येऊ लागल्यावर त्या काठची गावे आणि शहरे त्यावर विसंबली. आज आंद्रेचे पाणी पुन्हा पूर्वेला वळवा म्हणणे म्हणजे उल्हासकाठच्या लोकांच्या तोंडचे पाणी काढणे.

पुन्हा तोच पट्टा

सप्टेंबर २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने भारतात पुणे, मुंबई आणि चेन्नई येथे आपली डेटा सेंटरे सुरू केली. पुढच्या वर्षी अ‍ॅमेझॉनचे मुंबई केंद्र आले आणि २०१७ मध्ये गूगलचे. समुद्राखालच्या तारा मुंबईत किनाऱ्याला लागतात, म्हणून ऐरोली-महापे परिसरात डेटा सेंटरांची दाटी झाली. मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये पिंपरी-चिंचवडला आणि २०२४ मध्ये हिंजवडीला जमिनी घेतल्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये एक्सबॉक्सची क्लाउड गेमिंग सेवा भारतात आली. आता महागडे यंत्र न घेता वर्गणी भरून मोठे खेळ मोबाइलवर किंवा दूरदर्शन संचावर खेळता येतात.

इतिहासाचा योगायोग असा की हिंजवडी मुळशी तालुक्यात आहे. ज्या तालुक्याची खोरी मुंबईच्या विजेसाठी बुडाली, त्याच तालुक्यात आता सर्व्हरसाठी जागा घेतली जाते. डेटा सेंटरांच्या एकूण भारात खेळांचा वाटा लहानच. बँका, सरकारी कामे, चित्रपट आणि आता कृत्रिम बुद्धिमत्ता यांचा मोठा. परंतु खेळांनी दोन अटी ठळक केल्या : यंत्रे जवळ हवीत आणि गर्दीच्या तासाला पुरायला हवीत. चित्रे रंगवणाऱ्या ज्या प्रोसेसरमुळे खेळ चालतात, त्याच जातीचे प्रोसेसर कृत्रिम बुद्धिमत्तेलाही लागतात, म्हणून रात्री खेळ थंडावल्यावर त्यांना दुसरे काम देता यावे अशी कंपन्यांची धडपड असते. यंत्रे रिकामी बसणे त्यामुळे कमी होईल, पण वीज आणि थंडावा यांची मागणी मात्र अहोरात्र चालू राहील.

हा भार उचलायला पुन्हा घाटमाथ्याकडेच पाहिले जात आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवरने राज्य सरकारशी दोन उदंचन प्रकल्पांचा करार केला : शिरोता १,८०० आणि भिवपुरी १,००० मेगावॅट. वीज स्वस्त असेल तेव्हा पाणी वर चढवायचे आणि गर्दीच्या तासाला खाली सोडायचे. शंभर वर्षांपूर्वीचे तलाव आता पाण्याबरोबर सूर्याची वीजही संध्याकाळपर्यंत साठवून ठेवतील.

पाण्याचा प्रश्न मावळात कागदावरचा नाही. पवनेचे पाणी बंद जलवाहिनीतून पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे शेतकरी द्रुतगती मार्गावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात तिघे मृत्युमुखी पडले. शहराची तहान खोटी नव्हती आणि शेतकऱ्यांची धास्तीही खोटी नव्हती. डेटा सेंटर थंड ठेवण्याच्या काही पद्धतींत पाणी भरपूर लागते, काहींत कमी लागते पण वीज वाढते. यातली कोणती पद्धत निवडली, हा निर्णय कंपनीच्या आराखड्यात होतो आणि त्याचे परिणाम नदीच्या खोऱ्यात दिसतात.

कान्ह्यावरून गेल्या दीडशे वर्षांत बरेच काही गेले. १८५८ मध्ये खंडाळा-पुणे रेल्वे सुरू झाली, १९२९-३० च्या सुमारास या मार्गावर विजेवरची गाडी आली, आणि रेल्वेच्या हद्दीतून काचतंतूंचे जाळे उभारण्यासाठी २००० साली रेलटेल कंपनी निघाली. वाटेवरच्या गावाला यातले काय मिळाले, हे वेळोवेळी तिथे थांबा होता की नाही यावर ठरले. लोकल थांबली म्हणून कान्ह्याची पोरे पुण्याला शिकायला जाऊ शकली. विजेच्या उच्च दाबाच्या तारा मात्र गावावरून नुसत्या पुढे गेल्या.

सर्व्हरच्या बाबतीत थांबा म्हणजे काय, हे ठरवायची वेळ अजून गेलेली नाही. क्षमतेची घोषणा मेगावॅटमध्ये आणि कोटींमध्ये होते. तिच्याबरोबर वर्षाला किती पाणी लागेल, ते कोणत्या धरणातून येईल, सांडपाणी शुद्ध करून वापरणार का, कमाल मागणीच्या तासाला गावाची वीज आधी जाणार की केंद्राची, आणि तारेचा एक फाटा वाटेवरच्या ग्रामपंचायतीला मिळणार का, ही उत्तरेही कागदावर आली पाहिजेत. हे प्रश्न १९२१ मध्ये मुळशीच्या शेतकऱ्यांनी विचारले तेव्हा धरणाची भिंत चढू लागली होती. आता ते पाया खणण्यापूर्वी विचारता येतील.