चंडीगडमध्ये मानसशास्त्रज्ञ शोधताना नोंदणीचा प्रवर्गही तपासणे आवश्यक

चंडीगड : सेक्टरांच्या क्रमांकांमुळे या शहरात दवाखान्याचा पत्ता सापडणे सोपे आहे. तेथे बसलेली व्यक्ती कायद्याने पात्र आहे की नाही, हे ओळखणे तितके सोपे नाही. वकिलांच्या सनदेप्रमाणे सर्व मानसशास्त्रज्ञांना लागू होणारी परवान्याची एकसंध व्यवस्था देशात अद्याप रुजलेली नाही. त्यामुळे ‘परवानाधारक मानसशास्त्रज्ञ’ या शब्दप्रयोगाचा भारतातील व्यावहारिक अर्थ मुख्यत्वे ‘नोंदणीकृत चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ’ असाच घ्यावा लागतो.

गोंधळाची सुरुवात शब्दांपासूनच होते. मराठीत ‘मानसोपचारतज्ज्ञ’ ही संज्ञा सैलपणे वापरली जाते; काटेकोर अर्थाने तो वैद्यकीय पदवीनंतर मनोविकारशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर असतो आणि तो औषधे लिहून देऊ शकतो. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ मानसशास्त्रीय चाचण्या व संवादाधारित उपचार करतो. औषधे देत नाही. ‘समुपदेशक’ हे बिरुद मात्र अल्प मुदतीचा अभ्यासक्रम पूर्ण केलेलेही सर्रास लावताना दिसतात.

चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजेच ‘आरसीआय’कडे होते. परिषदेच्या १९९२ च्या कायद्यानुसार केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत नाव नसलेल्या व्यक्तीस पुनर्वास व्यावसायिक म्हणून काम करता येत नाही. उल्लंघनासाठी एक वर्षापर्यंत कारावास, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. खासगी दवाखान्यांतील सत्रांचे आजचे शुल्क पाहता या दंडाचा धाक कितपत उरला असेल, हा प्रश्नच आहे.

येथेच रुग्ण व नातेवाईक सर्वाधिक फसतात. फलकावर ‘आरसीआय नोंदणीकृत’ असे लिहिलेले असले, तरी तेवढे पुरेसे नाही. याच नोंदवहीत विशेष शिक्षक, वाचा व श्रवणतज्ज्ञ, कृत्रिम अवयवतज्ज्ञ अशा अनेक प्रवर्गांतील व्यावसायिकांची नावे असतात. विशेष शिक्षकाचा क्रमांक खरा असला, तरी नैराश्यावर उपचार करण्याची पात्रता त्यातून सिद्ध होत नाही. म्हणून नोंदणी क्रमांक मागून घ्यावा आणि परिषदेच्या संकेतस्थळावर नावासमोर ‘चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ’ हाच प्रवर्ग आहे का आणि नोंदणी वैध आहे का, ते पाहावे. क्रमांक विचारण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही.

चंडीगडच्या भूगोलामुळे आणखी एक पेच निर्माण होतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ५५ नुसार चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, मानसिक आरोग्य परिचारिका आणि मनोसामाजिक कार्यकर्त्यांची नोंद करून त्यांची यादी प्रसिद्ध करण्याची जबाबदारी राज्य प्राधिकरणावर आहे. चंडीगड हा केंद्रशासित प्रदेश. त्याला खेटून असलेले मोहाली पंजाबात, तर पंचकुला हरियाणात. रहिवाशांसाठी ही ‘ट्रायसिटी’ एकच शहर असली, तरी या नोंदणीच्या दृष्टीने तेथे तीन स्वतंत्र अधिकारक्षेत्रे आहेत. आरसीआयची नोंदवही देशव्यापी असल्याने पडताळणीचा पहिला टप्पा तीच ठरते.

पडताळणीचा हा खटाटोप टाळू इच्छिणाऱ्यांसाठी सरकारी रुग्णालये हा तुलनेने खात्रीचा मार्ग आहे. सेक्टर १२ मधील पीजीआय आणि सेक्टर ३२ मधील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय येथे मनोविकार विभाग आहेत. पीजीआयमध्ये शेजारील राज्यांतूनही रुग्ण येत असल्याने प्रतीक्षा करण्याची तयारी ठेवावी लागते. दीर्घकाळ दर आठवड्याला सत्रे हवी असणारे अनेकजण त्यामुळेच खासगी सेवेकडे वळतात.

आरसीआयच्या कक्षेबाहेरील मानसशास्त्रज्ञांना राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायदा, २०२१ च्या अनुसूचीत स्थान देण्यात आले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने या कायद्याच्या अनुषंगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्राचे दूरस्थ व ऑनलाइन अभ्यासक्रम बंद करण्याचे निर्देश दिले.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) विविध मानसिक विकारांमध्ये उपचारांपासून वंचित राहणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ७० ते ९२ टक्के आढळले होते. तातडीच्या आधारासाठी पात्रता पडताळत बसण्याची गरज नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ या सरकारी सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक चोवीस तास उपलब्ध असून, तेथे अनेक भारतीय भाषांत बोलता येते.